आप्पांनी मला कधी शिकवलं नाही

आप्पा गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी साताऱ्यात एक सभा घेतली. माझे वडील आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचे. किती बॅचेस त्यांच्या हाताखालून गेल्या ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. हॉल गच्च भरला होता. मला आणि आईला पुढच्या रांगेत बसवलं आणि एकेक जण उठून बोलायला लागला. कुणी पुण्याच्या कारखान्यात फोरमन होता, कुणी रेल्वेत, कुणी सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन गावी शेती बघत होता. प्रत्येकाचं बोलणं फिरून फिरून एकाच जागी येत होतं. सरांनी आमच्या कामाला कधी हात लावला नाही, सगळं आमच्याकडूनच करून घेतलं, म्हणून आज आम्ही उभे आहोत.

लोक रडत होते. आईही पदरानं डोळे पुसत होती. माझ्या मात्र पोटात दुखत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कुणी गुणी मुलगी समजायला नको. स्वतःच्या बापाच्या शोकसभेत बसून मी त्या माणसांवर जळत होते. आणि हे जळणं त्या दिवसाचं नव्हतं, चांगलं लहानपणापासूनचं होतं.

आप्पांची शिकवायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. नव्या पोराला ते काडेपेटीएवढा लोखंडाचा तुकडा द्यायचे. त्याला वर्कशॉपमध्ये जॉब म्हणतात. तो बाकाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळून धरायचा आणि कानशीनं घासून घासून त्याच्या सगळ्या बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. पोरगं आठवडेच्या आठवडे घासायचं, हाताला फोड यायचे. मग आप्पा त्या तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून उजेडाकडं धरायचे. मधून उजेड दिसला की तुकडा परत पोराच्या हातात. एवढ्या वेळात त्यांचा दुसरा हात पाठीमागंच असायचा. कुणी अगदी काकुळतीला येऊन म्हणालं, "सर, जरा दोन हात मारून दाखवा की," तर ते भंगारातला वेगळा तुकडा घ्यायचे आणि त्यावर दाखवायचे. पोराच्या जॉबवर त्यांची कानस कधी फिरली नाही. "माझी कानस फिरली तर जॉब कुणाचा रं? तुझा का माझा?" असं ते विचारायचे.

हाच माणूस संध्याकाळी घरी आला की पाठीमागचा हात पुढं यायचा आणि मग कुणाच्या हाती काही उरायचं नाही. माझ्या पेन्सिलींना टोकं करणं, वह्यांना कव्हर घालणं, बुटांना पॉलिश करणं, सगळं आप्पा. ऊस सोलून त्याचे बारीक तुकडे करून ताटलीत मांडून द्यायचे, मी फक्त चावायचा. आईचा हात मोडला होता तेव्हा दोन महिने तिची वेणी त्यांनी घातली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली घातली. पाच वाजता आयटीआयचा भोंगा झाला की त्यांची सायकल थेट घराकडं वळायची. कट्ट्यावर बसणं नाही, पानाची टपरी नाही. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." आईलाही ते पटलेलं होतं.

मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. खरं सांगायचं तर फोड फक्त मलाच कधी आला नाही. वर्गातल्या मुली सहावीत सायकल शिकल्या. मी दहावीपर्यंत आप्पांच्या मागं कॅरिअरवर बसून शाळेत गेले. मी सायकल मागितली की ते म्हणायचे, "मी हाय की सोडायला." साधी चेन पडली आणि मी हात पुढं केला तरी, "आण हिकडं, हात काळं हुतील तुझं." वर पुसायचे माझेच हात, आणि काळे झालेले असायचे त्यांचे.

मागच्या पडवीत त्यांनी एक छोटा बाकडा ठोकून त्यावर व्हाइस बसवलं होतं. घरात देव्हारा नव्हता, आणि खंडेनवमीला आमच्याकडं नारळही फुटायचा नाही. पण त्या दिवशी आप्पा सगळ्या कानशी, हातोड्या, छिन्न्या उतरवून, पुसून, तेलाचा हात फिरवून स्वच्छ फडक्यावर मांडायचे. तेवढा वेळ मला जवळ बसायला परवानगी होती. हात लावायला नव्हती. "लागंल," म्हणायचे.

मी अकरा वर्षांची असताना ती आली.

त्यांच्या फिटर ट्रेडला पहिल्यांदाच मुलगी आली होती. कडेगावकडची, साताऱ्यात मामाकडं राहून शिकणारी, सतरा-अठरा वर्षांची. उंच, काटकुळी, केसांना चापूनचोपून तेल. मधे तिला कावीळ झाली, महिनाभर ती गावी पडून राहिली आणि मागं पडली. म्हणून आप्पांनी तिला सांगितलं की रविवारी घरी येऊन आमच्या पडवीतल्या व्हाइसवर सराव कर. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला ती हजर. आईला जाम आवडायची. आई तिला चहा द्यायची, जेवायचं विचारायची, "ताई म्हण गं तिला," असं मला सांगायची. मी नाही म्हटलं. आजही म्हणत नाही.

मी दाराच्या उंबऱ्यावर बसून बघायचे. कीस दात्यांत अडकू नये म्हणून कानशीवर खडू घासणं, व्हाइस आवळणं, एक पाय पुढं टाकून उभं राहणं. आप्पा तिच्या बाजूला पाठीमागं हात बांधून उभे. मधेच म्हणायचे, "कोपर खाली. हां. आता बघ काय हुतंय." ती बघायची, चुकायची, परत करायची. एकदा तिच्या अंगठ्याचं साल निघालं, रक्त आलं. मला वाटलं आता आप्पा धावतील. ते म्हणाले, "धू आन् फडकं बांध. जॉब गंजंल रक्तानं." मला घरात साधा सुईचा टोचा लागला तर हळदीचा डबा घेऊन धावणारा माणूस. आणि तिचं रक्त वाहताना त्यांना जॉबची काळजी! दुसऱ्या कुणाला हा कठोरपणा वाटला असता. मला मात्र हेवा वाटला. असा हेवा की मी त्या दिवशी जेवलेच नाही.

आईच्या लक्षात आलं. "तुझा जीव का जळतोय गं? परक्याची पोर हाय. चार दिस येईल न् जाईल," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग मला का नाही शिकवत?" आई हसायला लागली. "तुला कशाला फिटर व्हायचंय? तुला कवा काय कमी पडू दिलंय त्येनी?" कमी काहीच पडत नव्हतं, आणि दुखणं नेमकं तिथंच होतं.

सत्राच्या शेवटी तिला एक जोडजॉब करून द्यायचा होता. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला जीभ. जीभ खाचेत अशी बसली पाहिजे की मधून उजेड जाऊ नये आणि सरकवताना अडूही नये. त्याचे गुण धरले जाणार होते. तिनं तीन रविवार त्यात घातले. सोमवारी द्यायचा म्हणून त्या रविवारी दुपारपर्यंत तिनं तो पुरा केला, तेलाच्या फडक्यात गुंडाळून बाकड्यावर ठेवला आणि मामाकडं जेवायला गेली. आप्पा मंडईत गेले होते. आई आत झोपली होती.

मी फडकं सोडलं. दोन्ही हातांनी जोर लावून व्हाइस आवळलं, कानशीवर खडू घासला, एक पाय पुढं टाकला आणि त्या जिभेवर कानस मारायला लागले. मला ते बिघडवायचं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नाही, मला ते आणखी गुळगुळीत करायचं होतं, म्हणजे आप्पा विचारतील हा हात कुणाचा आणि मी म्हणेन, माझा. पण थोडं बिघडवायचंही असणार. दोन्ही खरं असेल. हाताला लोखंडाचा तो थरथरता झटका बसला, कीस पडायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी करत असल्यासारखं वाटलं. भान आल्यावर जीभ खाचेत घालून बघितली. ती खुळखुळली. मी सगळं तसंच गुंडाळून ठेवलं आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसले.

चार वाजता ती आली. फडकं सोडल्यावर तिनं जीभ खाचेत घालून दोनदा हलवून पाहिली. आप्पांनी तुकडा घेतला, उजेडाकडं धरला. कडा खाल्लेल्या, मधे पोट आलेलं. कानस हातात पहिल्यांदा धरणारा माणूस ती डुलवतो आणि असं पोट येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. बोटांच्या पेरांत काळा कीस बसला होता.

"ह्यो गेला," ते तिला म्हणाले. "दुसरा तुकडा घे."

"सर, उद्या द्यायचाय."

"मग लाग आत्ता."

ती लागली. खाच शाबूत होती, जीभच तेवढी नव्यानं करायची होती. आणि एवढं होऊनही, स्वतःच्या पोरीनं तिचं काम मातीत घातलेलं असूनही, आप्पांनी तिच्या जॉबला हात लावला नाही. शेजारी उभे राहिले, हात पाठीमागं. दिवेलागणीला तिची जीभ खाचेत बसली. पहिल्यापेक्षा चांगली बसली, असं ते म्हणाले. ती माझ्याकडं न बघता निघून गेली. तिला कळलं होतं की नाही, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मी मार खायच्या तयारीनं उभी होते. एका पोरानं दुसऱ्याचा जॉब बिघडवला म्हणून आप्पांनी त्याला आठवडाभर वर्कशॉपच्या दारात उभं केलं होतं, ती गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. मला ते दार हवं होतं. त्याऐवजी आप्पांनी मला न्हाणीघरात नेलं, साबण लावून माझी बोटं एकेक करून धुतली, अंगठ्यात घुसलेलं लोखंडाचं बारीक कुसळ सुईनं काढलं आणि फुंकर घातली. त्या दिवशी मला कळून चुकलं की यांच्या लेखी मी चुकूसुद्धा शकत नाही. चुकायला आधी त्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

मग मी शिकले ती पुस्तकं वाचून. पदवी झाली, सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं. विश्रामबागेत आमचं घर. नळाचा वॉशर गेला तर आप्पा साताऱ्याहून एसटीनं तीन तास बसून यायचे, वॉशर बदलायचे, चहा घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माझा नवरा प्लंबरला बोलवू म्हणाला की ते हसायचे. "त्यो जेवडं करंल तेवडंच करंल." मला लाज वाटायची, बरंही वाटायचं. तेवढा वेळ ते फक्त माझे असायचे ना.

ती मुलगी दरम्यान मोठी झाली. कुपवाडला औद्योगिक वसाहतीत तिचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं हाताखाली. हे सांगताना आप्पांचा आवाज बदलायचा. माझ्या बढतीची बातमी मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "झकास. जेवलीस का?"

शेवटची दोन वर्षं आप्पांना कंपवातानं धरलं. मिरजेच्या डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, म्हणून आई-आप्पा आमच्याकडं सांगलीला राहायला आले. ज्यांच्या हाताला केसभर फरक कळायचा, त्यांचा हात पेला तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मं पाणी अंगावर सांडायचा. मी सगळं हातात घेतलं. घास भरवणं, दाढी करणं, अंघोळ, कपडे. रजा संपवल्या. खरं सांगते, मला त्यात एक आनंद होता. आता कुणी विद्यार्थी मधे नव्हता. आता आप्पा माझ्या हातातले होते.

पण रविवारी ती यायची. कुपवाड कितीसं लांब? कधी फळं, कधी मापं घ्यायचा कसलासा नवा गेज त्यांना दाखवायला. आप्पा तो थरथरत्या बोटांनी चाचपायचे आणि तासभर बोलायचे. आठवडाभर माझ्याशी त्यांचे शब्द मोजून येत. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. आई म्हणायची, "आगं, कान फुटले माझे."

एका रविवारी मिरजेला एका तपासणीला जायचं होतं आणि ती तिच्या गाडीनं सोडणार होती. मी डबा भरून बाहेर आले तर आप्पा पलंगावर बसलेले, अंगात शर्ट, सगळी बटणं उघडी. त्यांची बोटं पहिलं बटण शोधत होती, सापडलं की निसटत होतं. ती समोरच्या खुर्चीत बसून हे बघत होती. हात मांडीवर. नुसती बघत होती!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं झाले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. चाललंय त्येंचं."

"अहो, हे तुमचं वर्कशॉप नाही. माझे वडील आहेत ते."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली, पण मनगट सोडलं नाही. "सर, वेळ हाय. सावकाश."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जीभ दाताखाली धरून ते त्या बटणाशी झगडत होते. एक लागलं. मग बऱ्याच वेळानं दुसरं. आम्हाला उशीर झाला, मिरजेत नंबर मागं गेला, पण पाचही बटणं त्यांनी लावली. शेवटचं लावल्यावर त्यांनी जॉब पास झालेल्या पोरासारखं वर बघितलं. दोन वर्षांत मी त्यांना इतकं भरवलं, धुतलं, पुसलं, पण तसा चेहरा माझ्यासाठी कधी झाला नव्हता. दिवसभर ते शर्टावरून हात फिरवत होते. मी गाडीत मागं बसून खिडकीबाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं. दुःखाचं म्हणाल तर नाही. अकराव्या वर्षी उंबऱ्यावर बसून यायचं तेच ते रडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच गेले. अंघोळ झाल्यावर शर्ट त्यांच्या अंगात चढवला, समोर खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि बसले. आप्पांनी पहिल्या बटणाला हात घातला. निसटलं. परत घातला. मग थांबून माझ्याकडं बघत राहिले.

"काय झालं? रागावलीस व्हय माझ्यावर?"

"नाही. तुमी लावा. मी बसलीये."

"न्हाई गं." त्यांनी हात खाली टाकले. "काल लय दमलो मी. ती आली की परीक्षा असती माझी. तिच्यासमोर न्हाई आलं तर कसं चालंल? तुझ्यासमोर काय, न्हाई आलं तरी चालतंय." आणि त्यांनी लहान मुलासारखी हनुवटी वर केली.

मी खुर्ची पुढं ओढली आणि बटणं लावायला घेतली. तोंड इतकं जवळ होतं की विचारायची तीच वेळ होती.

"आप्पा, मला का नाही शिकवलं कधी? एवढी सगळी पोरं शिकवलीत."

त्यांनी मांडीवरच्या पंचाची घडी चाचपली.

"शिकवायचं म्हंजे माप बघावं लागतंय," ते म्हणाले. "कमी भरलं तर तोंडावर कमी म्हणावं लागतंय. तुला कमी म्हणायला माझी जीभ उचलली नसती, बाय. मग करून टाकायचो मीच."

मला पुढचं काही दिसेना. बोटं आपोआप चालत होती.

"मला चाललं असतं, आप्पा," मी म्हटलं. "कमी म्हटलेलं चाललं असतं मला."

मी शेवटचं बटण लावून हात काढून घेतला. आप्पांनी मान खाली घालून शर्टाकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, एक डोळा बारीक करून. असं बघताना मी त्यांना हजारदा पाहिलं होतं, पण दुसऱ्यांच्या कामाकडं. शर्टाची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर खाली लोंबत होती. त्यांचा हात उचलला गेला, बटणाकडं निघाला, आणि मधेच थांबून परत मांडीवर गेला.

"वरचं काज रिकामं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "समदी काढ. परत लाव."

मी सगळी बटणं काढली आणि वरपासून परत लावायला घेतली. आप्पा बघत होते.